‘लॉ एन्फोर्समेंट’ छापलेल्या डब्याबद्दल: एका प्रतिक्रियेला उत्तर

अमेरिकेत घरच्या संरक्षणासाठी पिस्तुलाची काडतुसं कशी निवडावीत, या माझ्या मागच्या लेखावर न्यू जर्सीतल्या एडिसनहून एका वाचकांची प्रतिक्रिया आली आहे. चारच वाक्यांची आहे, म्हणून आहे तशी देतो:

‘डब्यावर “लॉ एन्फोर्समेंट” छापलेलं काडतूस सामान्य माणसानं बाळगणं हा गुन्हा आहे, ते जास्त घातक असतं म्हणूनच पोलिसांपुरतं ठेवतात, हे शाळकरी पोरालाही कळेल. पोकळ टोकाच्या गोळ्या तर हेगच्या करारानं जगभर बंद आहेत. असली गोळी भिंत फोडून शेजाऱ्याच्या घरात जाते. बाकी तुमच्या तक्त्यात स्पीअरचा क्रमांकही चुकलाय, त्यावरून अभ्यास किती ते दिसलंच.’

आधी माझी चूक. क्रमांक चुकलाय, हे खरं आहे. स्पीअर कंपनीच्या गोल्ड डॉट काडतुसांतल्या ५३६१८ या क्रमांकासमोर मी ‘+पी’ (म्हणजे जास्त दाबाचं) लिहिलं. +पी आहे ते ५३६१७, आणि ५३६१८ साध्या दाबाचं. दोन्हींत गोळी १२४ ग्रेनचीच, म्हणजे साधारण ८ ग्रॅमची. पण ९ एमएम लुगरला दाबाची मानक मर्यादा ३५,००० पीएसआय (चौरस इंचाला पौंड) आहे आणि +पीला ३८,५००. ज्याच्या पिस्तुलाच्या माहितीपुस्तिकेत +पी वापरू नये असं लिहिलंय, त्याच्यासाठी ही चूक क्षुल्लक नव्हे. दाखवून दिलीत, आभारी आहे.

पण एका उलटसुलट झालेल्या क्रमांकावरून ‘अभ्यास किती ते दिसलंच’ म्हणायचं, ही बोलायची रीत झाली का? पंधरा वर्षं मी नव्या परवानाधारकांना नेमबाजीच्या रेंजवर शिकवतोय, त्यातले निम्मे आपलीच मराठी माणसं. त्यांच्यातल्या एकानंही प्रश्न विचारताना समोरच्याला शाळकरी पोराच्या खाली बसवलं नाही. तुमची शंका रास्त आहे, पुष्कळांना असते. ती साध्या शब्दांत विचारली असती तर उत्तरही साध्या शब्दांत मिळालं असतं. तुम्ही निकाल देऊन मोकळे झालात, म्हणून त्या पहिल्या वाक्याला आता सविस्तर उत्तर देणं भाग आहे.

डब्यावर ओळ छापते कंपनी. कायदा करते काँग्रेस, म्हणजे अमेरिकेची संसद, नाहीतर राज्याची विधानसभा. संघीय कायद्यात पोकळ टोकाच्या गोळीवर, म्हणजे टोकाला खळगा असलेल्या आणि शरीरात शिरल्यावर उमलणाऱ्या गोळीवर, बंदी नाही, आणि पोलिसांच्या पेटीतलं काडतूस नागरिकाकडे सापडलं म्हणून गुन्हा ठरेल असं कलमही नाही. १९८६च्या कायद्यानं निर्बंध आणले ते चिलखतभेदी पिस्तूल-गोळ्यांवर. त्यांची व्याख्या गोळी कशाची बनलीय त्यावर आहे: गाभा संपूर्ण टंगस्टन मिश्रधातू, पोलाद, लोखंड, पितळ, कांसं, बेरिलियम-तांबं किंवा क्षीण (डिप्लीटेड) युरेनियमचा असणं, किंवा .२२ पेक्षा मोठ्या पूर्ण आवरणाच्या गोळीत आवरणाचं वजन एकूण वजनाच्या २५ टक्क्यांहून जास्त असणं. शिशाच्या गाभ्याची गोल्ड डॉट किंवा फेडरल कंपनीची एचएसटी या व्याख्येत बसत नाही. डबा कुठल्याही रंगाचा असो.

मग ती ओळ कशासाठी? मुख्य कारण करांचं आणि करारांचं. काडतुसांवर ११ टक्के संघीय अबकारी कर आहे आणि राज्य व स्थानिक सरकारांच्या खरेदीला त्यातून सूट आहे. म्हणून कंपन्या पोलीस खात्यांच्या विक्रीची साखळी वेगळी ठेवतात: वेगळे वितरक, वेगळे दर, ५० काडतुसांचा डबा. तोच माल नागरिकाला विकला की कर भरावा लागतो, एवढंच. एखादा दुकानदार ‘हा डबा बिल्ला दाखवल्याशिवाय देत नाही’ म्हणाला, तर तो त्याच्या दुकानाचा नाहीतर वितरकाशी केलेल्या कराराचा नियम. त्यात फौजदारी काही नाही.

माल तोच, हे कशावरून? दोन डबे शेजारी ठेवा. फेडरल एचएसटी, १४७ ग्रेन, पोलिसांचा डबा: पी९एचएसटी२, ५० नग. दुकानात फळीवर मिळणारा: पी९एचएसटी२एस, २० नग. फरक शेवटच्या ‘एस’चा. स्पीअरचं तसंच: पोलिसांचा ५३६१७, नागरिकांचा २३६१७जीडी, दोन्ही १२४ ग्रेन +पी, डब्यावरचा वेग दोन्हींना सेकंदाला १,२२० फूट. एकेक काडतूस काढून तळहातावर घ्या. तीच निकेलचा मुलामा दिलेली चकचकीत केस (दारू भरलेली धातूची नळी), टोकाला तोच खळगा, खळग्याच्या कडेला त्याच चिरा. फरक दिसेल तो किमतीत, आणि तो दर नगाला काढला तर ५०चाच डबा बहुतेक वेळा स्वस्त पडतो.

ही भीती आली कुठून तेही सांगतो. विंचेस्टर कंपनीनं काळ्या आवरणाची ब्लॅक टॅलन ही पोकळ टोकाची गोळी बाजारात आणली. १९९३च्या जुलैत सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका कार्यालयात झालेल्या हत्याकांडानंतर तिच्यावर टीकेची झोड उठली आणि नोव्हेंबरमध्ये कंपनीनं ती सर्वसामान्यांच्या विक्रीतून स्वतःहून काढली. पुढे रेंजर या नावानं सुधारित माल पोलिसांसाठी राहिला. कंपनीनं स्वतःची लाज राखायला घेतलेला निर्णय लोकांच्या डोक्यात कायदा होऊन बसला. तुमच्याही.

आता ‘जास्त घातक’. पोलिसांची गोळी निवडतात ती एफबीआयच्या कसोटीवर, आणि त्या कसोटीचा मुख्य भर भेदन, म्हणजे गोळी किती खोल जाते ते, आवाक्यात राहण्यावर आहे. ११ एप्रिल १९८६ रोजी मायामीत झालेल्या चकमकीत एफबीआयचे दोन एजंट मारले गेले. एका हल्लेखोराला सुरुवातीलाच लागलेली ९ एमएमची गोळी दंडातून छातीत शिरली आणि हृदयाच्या अलीकडे थांबली. तो त्यानंतरही लढत राहिला. त्यातून पुढे कसोटी ठरली: १० टक्के जिलेटिनच्या ठोकळ्यात गोळीनं किमान १२ आणि जास्तीत जास्त १८ इंच जावं. ठोकळा ४ अंश सेल्सियसला ठेवतात आणि आधी त्यावर सेकंदाला सुमारे ५९० फूट वेगानं एक पोलादी छर्रा झाडतात. तो साधारण साडेआठ सेंटीमीटर गेला तरच ठोकळा चाचणीला चालतो. मग उघडा ठोकळा, जाड कपडे, पोलादी पत्रा, जिप्समची भिंत, प्लायवूड, गाडीची काच अशी सहा आव्हानं.

यात गोळी फसते कुठे ते बघा. शर्ट, फ्लीस, डेनिम यांचा लगदा खळग्यात कोंबला जातो, गोळी उमलत नाही, आणि साध्या गोल टोकाच्या गोळीसारखी सरळ आरपार जाते. काचेतून जाताना आवरण शिशापासून सोलून निघतं, वजन घटतं, गोळी उथळ राहते. गोल्ड डॉटमध्ये आवरण गाभ्यावर विद्युत-विलेपनानं चढवलेलं असतं, म्हणून ते सुटत नाही. झाडलेली गोळी हातात घेतली तर पाकळ्या पार मागे वळलेल्या असतात, पण तांबं शिशाला घट्ट धरून असतं. पोलिसांना गाडीच्या काचेतून झाडावं लागतं, म्हणून हा गुण त्यांना हवा. तुमच्या बेडरूममध्ये गाडीची काच नाही. म्हणजे पोलिसांचा माल वेगळ्या कामासाठी पारखलेला असतो, त्यात गुप्त शक्ती काही नसते. उलट साडेतीन इंचांहून आखूड नळीच्या पिस्तुलात वेग घटतो आणि चार-पाच इंची नळीसाठी घडवलेली गोळी कधीकधी पुरती उमलतच नाही. हे मागच्या लेखात होतं. वाचलं असतंत तर सापडलं असतं.

आणि तुम्ही राहता न्यू जर्सीत! खरा गुन्हा जिथे आहे ते सोडून भलतंच धरून बसलात, याचं मला जास्त वाईट वाटतं. न्यू जर्सीच्या कलम २सी:३९-३ मध्ये पोकळ टोकाची ‘किंवा डम-डम’ गोळी जाणूनबुजून जवळ बाळगणं हा चौथ्या श्रेणीचा गुन्हा आहे, कैद १८ महिन्यांपर्यंत. तो डब्यावरच्या ओळीला लागत नाही, तर गोळीच्या टोकाला लागतो. २०चा बिनओळीचा डबा आणि ५०चा पोलिसांचा डबा त्या कलमापुढे सारखेच. सूट आहे ती जागेची: स्वतःच्या घरात, स्वतःच्या जमिनीवर ठेवता येतात, विकत घेतल्या ठिकाणाहून घरी नेता येतात, आणि रेंजला नेता येतात, वाटेत गरजेपुरतंच वळण घेऊन. मित्राच्या घरी पूजेला जाताना गाडीत राहिलेला डबा या सुटीत बसत नाही. पिस्तूल बाळगून फिरण्याचा परवाना असला तरी नाही. म्हणून तिथले परवानाधारक खळग्यात पॉलिमरचं टोक बसवलेली हॉर्नडी क्रिटिकल ड्यूटी किंवा क्रिटिकल डिफेन्स वापरतात, कारण राज्य पोलीस ती पोकळ टोकाची धरत नाहीत.

याहून मोठा धोका आपल्या लोकांना आहे, आणि तो तुमच्या चार वाक्यांत कुठेच नाही. एच-१बी, एल-१, एफ-१ अशा बिगर-स्थलांतरित व्हिसावर दाखल झालेल्या माणसाला संघीय कायद्यानं बंदूक तर नाहीच, एक काडतूसही बाळगता येत नाही. वैध शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद आहेत. ग्रीन कार्डवाल्याला ही बंदी नाही. मित्रासोबत रेंजवर जाऊन त्याचंच पिस्तूल हातात घेतलं तरी ते बाळगणंच ठरू शकतं. डब्यावर काय छापलंय ते तिथे कुणी विचारत नाही.

हेगबद्दल फार लिहीत नाही. शरीरात पसरणाऱ्या गोळ्यांबद्दलची १८९९ची ती घोषणा सामील राष्ट्रांमधल्या युद्धापुरती आहे, अमेरिका तिच्यात सामील नाही, आणि पोलिसांना किंवा घरमालकाला ती लागू होत नाही. अशा गोळ्यांचं डम-डम हे नाव कोलकात्याजवळच्या आपल्याच दमदमच्या कारखान्यावरून आलं, एवढा तिचा आपल्याशी संबंध.

भिंतीचं म्हणाल तर जिप्समच्या दोन पत्र्यांतून पिस्तुलाची कुठलीही उपयोगाची गोळी जाते, पोलिसांची असो वा नसो. साधी पूर्ण आवरणाची त्याहून पुढे जाते. मागे काय आहे ते बघून झाडायचं, याला पर्याय नाही.

हत्यारात नवी काडतुसं घालणाऱ्यांनी मात्र हे करा. आधी निदान एक पूर्ण डबा आपल्याच पिस्तुलातून झाडून बघा, कारण पोकळ टोक काही मॅगझिनमधून चेंबरच्या (नळीच्या मागच्या, काडतूस बसतं त्या खणाच्या) उतारावर अडकतं. आणि रोज तेच वरचं काडतूस काढून पुन्हा चेंबरमध्ये घालू नका. प्रत्येक वेळी गोळीला धक्का बसून ती केसमध्ये मागे सरकते, आतली जागा कमी होते, दाब वाढतो. नव्या काडतुसाशेजारी ते उभं करून लांबी ताडून बघा. कमी भरलं, तर ते झाडायचं नाही, बाजूला काढायचं.

तक्ता आज सकाळी दुरुस्त केला आहे. व्हिसाचा परिच्छेद मूळ लेखाच्या सुरुवातीलाच घातला आहे, तो तुमच्या ओळखीत जे कुणी नुकतेच आले असतील त्यांना पाठवा.