चौथ्या दिवशी उतरलेली सूज : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काकाजी,

संधिवाताच्या (रुमेटॉइड आर्थ्रायटिसच्या) लेखाखाली तुम्ही एवढं सविस्तर लिहिलंत, त्याला दोन ओळींत उत्तर देणं बरं दिसलं नसतं, म्हणून वेगळं लिहिते आहे. ज्यांनी प्रतिक्रिया वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, काकाजींचं म्हणणं : संधिवातावर मी ज्या मेथोट्रेक्सेटची बाजू घेते ती कॅन्सरची गोळी आहे, हे सारं संशोधन गोऱ्यांनी, कंपन्यांच्या पैशाने केलेलं, महागडी इंजेक्शनं आपल्या कामाची नाहीत, आणि नागपुरात धंतोलीतल्या डॉक्टरांच्या गोळ्यांनी सहा आठवड्यांत काकूंना जो फरक पडला नाही, तो एका ओळखीच्या माणसाने दिलेल्या आयुर्वेदिक पुडीने चौथ्या दिवशी पडला. "सूज उतरली, भूक लागली, चेहरासुद्धा भरला." शेवटी तुम्ही म्हणता, "मॅडम, तुम्ही फार्मसी शिकवता, खाल्ल्या मिठाला जागणारच."

मिठाचं सोडून देते. चेहऱ्याचं सोडता येत नाही.

१९४८ च्या सप्टेंबरात अमेरिकेत रॉचेस्टरच्या मेयो क्लिनिकमध्ये (आपल्या सेंट्रल ॲव्हेन्यूवरच्या मेयो हॉस्पिटलशी याचा काही संबंध नाही) फिलिप हेंच यांनी संधिवाताने जखडलेल्या २९ वर्षांच्या एका बाईला एक नवं रसायन टोचायला सुरुवात केली. दोन-तीन दिवसांत तिचे सांधे मोकळे झाले. आठवडाभरात ती बाजारात जाऊन तीन तास खरेदी करून आली. ते रसायन म्हणजे कॉर्टिझोन, आजच्या स्टेरॉइड गोळ्यांचा पूर्वज. हेंच, एडवर्ड केंडल आणि टाडेउश राइखश्टाइन यांना १९५० मध्ये नोबेल मिळालं. पण जास्त दिवस औषध घेणाऱ्यांचे चेहरे गोल होऊ लागले, साखर वाढली, हाडं ठिसूळ झाली, आणि औषध थांबवलं की सूज पुन्हा हजर.

आता तुमचं वाक्य पुन्हा वाचा. संधिवाताची सूज चार दिवसांत उतरवणाऱ्या गोष्टी वैद्यकात मोजक्याच, आणि त्यांत स्टेरॉइडचा नंबर पहिला. वाढलेली भूक आणि भरलेला चेहरा ही त्याची ओळखीची लक्षणं. पुडीत काय आहे ते इथे बसून मला सांगता येणार नाही. पण लेबल नसलेल्या चूर्णांत डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोनसारखं स्टेरॉइड मिसळलेलं सापडणं ही नवलाची गोष्ट राहिलेली नाही. ही फसवणूक आयुर्वेदाचीही आहे, कारण नाव त्याचं आणि गुण दुसऱ्याचा.

हे वाचून पुडी लगेच बंद मात्र करू नका. बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिलं की शरीर स्वतःचं बनवणं कमी करतं; अशा वेळी एकदम थांबवलं तर रक्तदाब कोसळून माणूस अत्यवस्थ होऊ शकतो. पुडी सोबत घेऊन डॉक्टरांकडे जा, उपाशीपोटीची साखर आणि बीपी तपासून घ्या, आणि कमी कसं करायचं ते त्यांनाच ठरवू द्या. डॉक्टरही स्टेरॉइड देतात, मी नाही म्हणत नाही. मुख्य औषध लागू पडेपर्यंत, कमी मात्रेत, थोडे आठवडे. तिथे किती मिलिग्रॅम ते चिठ्ठीवर लिहिलेलं असतं. पुडीवर काही लिहिलेलं नसतं.

सहा आठवड्यांचं म्हणाल तर मेथोट्रेक्सेटचा असर दिसायलाच सहा ते बारा आठवडे लागतात. कितीतरी लोक नेमके त्याच सुमाराला कंटाळून गोळी सोडतात.

ती कॅन्सरची गोळी आहे, हे खरंच आहे. मेथोट्रेक्सेट ज्या औषधांच्या कुळातलं आहे, त्यांवरचं काम अमेरिकेत लेडर्ली कंपनीच्या प्रयोगशाळेत यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या देखरेखीखाली झालं. हे मूळचे आंध्रातल्या भीमावरमचे, म्हणजे 'गोऱ्यांचं औषध' म्हणतानाही जरा जपून. १९४८ मध्ये सिडनी फार्बर यांनी त्याच कुळातलं ॲमिनोप्टेरिन ल्युकेमिया झालेल्या मुलांना दिलं. १९५१ मध्ये तेच संधिवातात वापरून पाहिलं गेलं आणि मग विषय जवळपास तीस वर्षं तसाच पडून राहिला. १९८५ मध्ये मायकेल वाइनब्लाट यांच्या चाचणीने मेथोट्रेक्सेटचा गुण नीट दाखवला आणि १९८८ मध्ये अमेरिकेत संधिवातासाठी त्याला मंजुरी मिळाली. कॅन्सरच्या काही उपचारांत ते एका वेळी शेकडो-हजारो मिलिग्रॅम देतात. संधिवातात आठवड्यातून एकदा, साडेसात ते पंचवीस मिलिग्रॅम, आणि जोडीला फॉलिक ॲसिड. आठवड्यातून एकदा! वार ठरवून ठेवा, कॅलेंडरवर खूण करा. रोज घेतल्यामुळे लोक दगावले आहेत. मळमळ, तोंड येणं, यकृत आणि रक्ताच्या नियमित तपासण्या हा भाग आहेच. दारू घेणाऱ्यांनी ते डॉक्टरांपासून लपवू नये. घरात कुणी मूल होऊ देण्याचा विचार करत असेल तर तिने ही गोळी घ्यायचीच नाही.

आता पैशाचं. इथे तुमचं माझं भांडण वाटतं तेवढं नाही. पंधरा मिलिग्रॅमच्या आठवड्याच्या गोळ्या एका प्लेट तर्री-पोह्याच्या भावात येतात. या आजारावरच्या गेल्या काही दशकांच्या संशोधनातून मला सगळ्यात मोलाचं काय वाटतं विचाराल, तर ते महागडं इंजेक्शन नव्हे. जुनी, स्वस्त औषधं वेळेवर सुरू करून, मोजून-मापून वापरली तर कुठवर नेतात, हे सिद्ध झालं, ते मला मोठं वाटतं. ग्लासगोमध्ये ११० रुग्णांचे दोन गट केले. औषधं दोघांनाही जुनीच. एका गटाला दर महिन्याला बोलवायचं, दुखरे आणि सुजलेले सांधे मोजायचे, आकडा उतरला नसेल तर औषध वाढवायचं, सुजलेल्या सांध्यात इंजेक्शन द्यायचं. दुसऱ्या गटाचं नेहमीसारखं, तीन महिन्यांनी या. १८ महिन्यांनी पहिल्या गटातल्या ६५ टक्के लोकांचा आजार शांत झाला होता, दुसऱ्यातल्या १६ टक्के लोकांचा. हे २००४ मध्ये छापून आलं. आपल्याकडे मात्र 'दुखलं की जाऊ' हाच रिवाज, आणि दुखणं कमी असतानाही हाड झिजत राहू शकतं हे एक्स-रे काढेपर्यंत कळत नाही.

दुसरी चाचणी २०१३ ची. एकट्या मेथोट्रेक्सेटने ज्यांचं भागत नव्हतं असे ३५३ रुग्ण. निम्म्यांना जोडीला सल्फासालाझिन आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या जुन्या गोळ्या, निम्म्यांना एटानरसेप्टचं महाग इंजेक्शन. २४ आठवड्यांत फरक न पडलेल्यांची अदलाबदल. ४८ आठवड्यांनी पाहिलं तर गोळ्यांचा गट इंजेक्शनच्या गटापेक्षा कमी पडला नव्हता. ही चाचणी अमेरिकेच्या माजी सैनिकांसाठीच्या सरकारी खात्याने चालवली. इंजेक्शनवाल्या कंपनीला असला सामना भरवायची हौस कशाला असेल?

कंपन्यांवरचा तुमचा संशय मी खोडत नाही, तो असावाच. पण कंपनीच्या पैशाने झालं म्हणजे खोटंच, हेही चालत नाही. टोफासिटिनिब या संधिवातावरच्या नव्या गोळीने पन्नाशीपुढच्या, हृदयविकाराचा धोका असलेल्या रुग्णांत हृदयविकार आणि कॅन्सरचं प्रमाण थोडं वाढतं, हे अमेरिकेच्या औषध नियामकांनी कंपनीला करायला लावलेल्या मोठ्या चाचणीतूनच बाहेर आलं. ही गोळी आता आपल्याकडे स्वस्त झाली आहे. सिगारेट ओढणाऱ्यांनी ती सुरू करण्याआधी डॉक्टरांना हे जरूर विचारावं.

महागडी इंजेक्शनं तरीही निरुपयोगी नाहीत. टीएनएफ हा सूज पेटवणारा रेणू अडवण्याची कल्पना लंडनमध्ये मार्क फेल्डमन आणि लुधियान्यात जन्मलेले रविंदर मैनी यांनी १९९२ मध्ये पहिल्यांदा २० रुग्णांवर अजमावली. गोळ्या हरतात तिथे या इंजेक्शनांनी माणसं कामावर परतली आहेत. आपल्याकडे अडचण पैशाइतकीच टीबीची. दडून बसलेला टीबी या इंजेक्शनांनी उसळतो, हे २००१ पासून माहीत आहे. म्हणून आधी छातीचा एक्स-रे आणि टीबीची तपासणी केल्याशिवाय कुणी टोचून घेऊ नये.

आणि आयुर्वेद. माधवनिदान या जुन्या ग्रंथात आमवाताचं, म्हणजे अशाच सांधेदुखीचं, स्वतंत्र प्रकरण आहे, तुम्ही लिहिलंत ते बरोबर. पण वर्णन जुनं असणं वेगळं आणि उपचार लागू पडणं वेगळं. ते तपासताही येतं. कोइमतूरला ४३ रुग्णांवर वैद्यांनी प्रत्येकाची प्रकृती पाहून दिलेलं आयुर्वेदिक औषध, मेथोट्रेक्सेट आणि दोन्ही एकत्र अशी ३६ आठवड्यांची तुलना झाली. कोण काय घेतंय हे रुग्णालाही कळू दिलं नव्हतं, डॉक्टरलाही नाही. २०११ मध्ये निकाल आला : तिन्ही गट साधारण सारखे. तुमच्या बाजूने जाणारा निकाल आहे, घ्या! फक्त ४३ माणसांवरून एवढंच कळतं की मोठी चाचणी करण्याजोगी आहे. उलट पुण्याच्या डॉ. अरविंद चोप्रांनी १८२ रुग्णांवर वनौषधींचं एक मिश्रण १६ आठवडे तपासलं, तेव्हा नुसत्या दिखाऊ गोळ्या घेणारेही इतके सुधारले की दोन्ही गटांतला फरक ठामपणे दाखवता आला नाही. या आजाराला भरती-ओहोटी असते. डिसेंबरात बोटं आखडतात, फेब्रुवारीत सुटतात, आणि श्रेय त्या वेळी हातात असलेल्या पुडीला जातं. याच चोप्रांनी भिगवणला गावकऱ्यांच्या घरोघरी जाऊन सांधेदुखी मोजली आहे, तेव्हा आपल्या लोकांवर काम झालंच नाही असंही नाही.

एक गोष्ट तुम्ही जाता जाता लिहिलीत, ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटली : २०२४ च्या पावसाळ्यात काकूंना चिकनगुनिया झाला होता. त्यानंतरचे सांधे महिनोन्‌महिने सुजलेले राहू शकतात आणि हुबेहूब संधिवातासारखे दिसतात. तुम्ही पाठवलेल्या रिपोर्टमध्ये फक्त आरए फॅक्टर ही रक्ततपासणी आहे, आणि तो अशा तापानंतर काही काळ पॉझिटिव्ह येऊ शकतो. अँटी-सीसीपी ही दुसरी रक्ततपासणी केलेली दिसत नाही. ती ठळक पॉझिटिव्ह आली तर खऱ्या संधिवाताकडे बोट जातं. निगेटिव्ह आली तर डॉक्टरांना सगळं नव्याने पाहावं लागेल, कदाचित मेथोट्रेक्सेटची गरजही उरणार नाही. हे मी किंवा पुडीवाला ठरवू शकत नाही. त्याच डॉक्टरांकडे जायची इच्छा नसेल तर मेडिकलच्या, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या, ओपीडीत दाखवा. जुन्या चिठ्ठ्या आणि पुडी न्यायला विसरू नका, आणि सकाळी लवकर पोहोचा, तिथे रांग फार असते.