तीन बदाम आणि गप्प बसणे

ब्रिजमधली प्रीएम्प्ट ही चाल कोकणात चालणार नाही, असं माझं स्पष्ट मत झालं आहे. ही चाल यशस्वी व्हायला भिडूने गप्प बसावं लागतं. गुहागरकडे गप्प बसणारा माणूस एक तर आजारी असतो, नाहीतर त्याचा दावा कोर्टात चालू असतो आणि वकिलाने त्याला तोंड उघडू नको म्हणून बजावलेलं असतं.

ज्यांचं आयुष्य मेंढीकोटात गेलं त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ब्रिजमध्ये पानं टाकण्याआधी बोली होते. तेरातले किती हात करणार आणि हुकूम कोणता, हे ज्याने त्याने चढत्या भाजणीने सांगायचं. पहिले सहा हात गृहीत धरलेले, बोलीतला आकडा त्यांच्या वरचा, म्हणजे 'एक' म्हटलं की सात हात. एक्क्याचे 4 गुण, राजाचे 3, राणीचे 2, गुलामाचा 1. गड्डीत एकूण 40. हातात बारा-तेरा गुण आले की सभ्य माणूस 'एक इस्पिक', 'एक बदाम' असं खालून सुरू करतो, मग भिडू उत्तर देतो, आणि दोघं मिळून चारपर्यंत जायचं की सहापर्यंत, याचा अंदाज घेतात. या अंदाजाला जागा लागते. प्रीएम्प्ट करणारा नेमकी तीच जागा खातो. हातात पाच-सहा गुण, पण एकाच रंगाची सात पानं. तो पहिल्याच फटक्यात 'तीन बदाम' म्हणतो. म्हणजे नऊ हात करणार! करणार नसतो, हे त्यालाही माहीत असतं. पण वीस गुण घेऊन बसलेल्या समोरच्या जोडीला आता बोलायचं तर थेट तिनाच्या पायरीवरून, एकमेकांच्या हातात काय आहे याचा पत्ता नसताना.

चिपळूणच्या स्टँडवर गाडी फलाटाला लागायच्या आत खिडकीतून जो रुमाल आत पडतो, तोच हा. रुमालाला वजन नाही, तिकीट नाही, पण त्याच्याकडे बघून चार धडधाकट माणसं पुढच्या सीटकडे सरकतात. कधीतरी एखादा रुमालावरच बसतो, त्याला ब्रिजमध्ये 'डबल' म्हणतात: तुमची बोली पुरी होत नाही असं आव्हान, आणि मग दंड वाढतो.

आता हिशोब. ज्या जोडीचं बक्षीस आणि दंड त्या डावात वाढीव असतात तिला व्हल्नरेबल म्हणतात. तुम्ही व्हल्नरेबल नसताना तीन हात कमी पडले आणि वर डबल असेल तर 500 जातात. समोरचे व्हल्नरेबल असतील आणि त्यांनी चार इस्पिक केले असते, तर त्यांना 620 मिळाले असते. म्हणजे हरूनही 120 वाचले. हरण्यात नफा काढणारा खेळ कोकणात लोकप्रिय व्हायला हवा होता, कारण आंब्याच्या बागायतीत आम्ही दरवर्षी तेच करतो. हे व्हल्नरेबल प्रकरण आणि आजच्या गुणांची घडी हॅरोल्ड व्हँडरबिल्ट नावाच्या अमेरिकन धनिकाने 1925 साली पनामा कालव्यातून जाणाऱ्या बोटीवर बसवली. आमचे आजोबा मुंबईहून बोटीने यायचे ते लिंबू हुंगत आणि डोळे मिटून. त्यामुळे अशी घडी बसवायचा मान रत्नागिरी जिल्ह्याकडे आला नाही.

नियम तसे सोपे आहेत. पानं सलग आणि दणकट हवीत, नुसती सात दुर्र्या-तिर्र्या नकोत. पहिल्या जागेवर, म्हणजे सगळ्यांच्या आधी बोलायला, बसला असाल तर बेधडक बोला. दुसऱ्या जागेवर जपून, कारण एक प्रतिस्पर्धी आधीच पास होऊन बसलेला असतो आणि तुम्ही त्रास देणार तो तुमच्याच भिडूला, ही शक्यता वाढते. तिसऱ्या जागेवर मात्र थोडा आचरटपणा खपतो, भिडू पास झालेला असतो म्हणजे त्याच्याकडे बिघडण्यासारखं फारसं नसतं. आणि शेवटचा नियम, ज्याच्यासाठी हा सगळा लेख: एकदा प्रीएम्प्ट केलं की पुन्हा तोंड उघडायचं नाही. आपला हात आपण एका बोलीत सांगून टाकला. पुढचं भिडू बघेल.

माझा भिडू म्हणजे अण्णा.

अण्णा निवृत्त मुख्याध्यापक. समोर तात्या आणि काकू, नवरा-बायको. एकमेकांशी बोलायचं ते सगळं त्यांचं केव्हाच बोलून झालंय, त्यामुळे त्यांच्या बोलीत एक शब्द जास्तीचा येत नाही. स्पर्धांमध्ये बोली तोंडाने देतच नाहीत. छापील बोलींची पेटी असते, तिच्यातून पान काढून टेबलावर ठेवायचं, म्हणजे आवाजाच्या चढउतारावरून भिडूला काही कळायला नको. आमच्या पडवीत पेटी नाही. अण्णांचा 'पास' चार प्रकारचा असतो आणि त्यातला एक तर ते उसासा टाकून देतात.

आषाढातली रात्र होती. पन्हळीतून धो धो पाणी, पत्ते सादळून पापडासारखे मऊ पडलेले, काकूंनी त्यांना पावडर लावून आणलेली. वाटप माझं होतं. हातात इस्पिकची एकटी पंजी, चौकटची अठ्ठी-छक्की-तिर्री, किलवरची नव्वी-दुर्री, आणि बदामाचा राजा, राणी, दश्शी, नव्वी, सत्ती, चौकी, दुर्री. गुण 5. आम्ही व्हल्नरेबल नाही, समोरचे आहेत. पुस्तकात चित्र काढून दाखवावा असा हात. मी म्हटलं, "तीन बदाम."

तात्या थांबले. उडीच्या बोलीनंतर पुढच्याने जरा थांबावं असा संकेत आहे. तात्या तो पाळतात, आणि त्या वेळात तपकीर ओढतात. मग म्हणाले, "पास."

अण्णांनी पानं छातीशी धरली, माझ्याकडे कौतुकाने पाहिलं आणि म्हणाले, "तीन नो ट्रम्प." म्हणजे हुकूम कोणताच नाही, आणि हात नऊ.

"डबल," काकू म्हणाल्या. इतक्या मऊ आवाजात की कुणाला वाटावं, आमसुलाचं सार आणखी हवं का विचारतायत.

बोली अण्णांची ठरली, त्यामुळे रिवाजाप्रमाणे माझी पानं टेबलावर उघडी पडली, आणि तीही अण्णांनीच खेळायची. अण्णांकडे 14 गुण होते आणि बदाम एकच. काकूंनी इस्पिक लावून सुरुवात केली. अण्णांनी हात घेतला आणि तो एकुलता एक बदाम खेळले. काकूंनी एक्का दाबून ठेवला, राजा जिंकला. अण्णा खूश. लगेच टेबलावरची राणी लावली, आता मात्र काकूंचा एक्का आला. उरलेले पाच बदाम माझ्यापुढे पसरलेले, आणि अण्णांच्या हातात तिथे परत जायला एकही पान नाही. चार हात कमी. डबल धरून 800. तीन बदामांवर थांबलो असतो तर फार तर दोन कमी पडले असते. डबल झाला असता तरी 300.

"अण्णा, तीन बदाम म्हणजे माझ्याकडे काही नाही, असा त्याचा अर्थ."

"काही नाही, तर मग बोललास कशाला?"

"त्यांना त्रास द्यायला."

"त्यांना? अरे मेल्या, तात्या तर निवांत तपकीर ओढत होता!"

याच्यावर उत्तर नाही. मी सांगितलं की प्रीएम्प्टला उत्तर देताना गुण मोजायचे नसतात, हात मोजायचे असतात. रंग जुळत नसेल तर पास म्हणायचं. अण्णा म्हणाले, चौदा गुण घेऊन पास म्हणणं म्हणजे ताटात सुरमई असताना वरणभात जेवून उठणं. मग वीज गेली, कंदील येईपर्यंत हा विषय अंधारात चालू राहिला, आणि शेवटी काकूंच्या साक्षीने करार झाला: ज्याने प्रीएम्प्ट केलं त्याच्या भिडूने, रंग जुळत नसेल तर, काहीही झालं तरी पास म्हणायचं.

पुढच्याच बैठकीत अण्णांनी वाटप केलं, पानं लावली आणि गरजले, "चार इस्पिक!"

माझ्याकडे दोन एक्के, किलवरचा राजा आणि इस्पिकचं एकच पान. हात शिवशिवत होते. पण करार म्हणजे करार. "पास."

अण्णांनी बारा हात केले. आम्ही व्हल्नरेबल होतो. सहा इस्पिकची बोली असती तर 1430 मिळाले असते, मिळाले 680. त्यांनी पानं उलटी करून दाखवली: इस्पिकची सात, एक्का-राजा-राणीसकट, वर चौकटचा एक्का-राजा. सोळा गुण.

"अण्णा, हा प्रीएम्प्टचा हात आहे?"

"मग? त्यांना बोलायला जागाच ठेवली नाही. तूच शिकवलंस ना?"

"पण ती चाल हातात काही नसताना करतात!"

"असताना केली तर कोर्टात खेचतात काय?" अण्णा तात्यांकडे वळले. "आणि याच्याकडे दोन एक्के होते हो. दोन! आणि बसलाय गप्प."

तात्यांनी 680 लिहून घेतले. काकूंनी पत्त्यांवर पुन्हा पावडर शिंपडली आणि अण्णांना म्हणाल्या, "त्याला रागावू नका हो, चांगला करार केलाय तुम्ही. असाच राहू दे."