'इंदूरएवढ्या जागेला प्रक्षेपण कशाला?' या प्रतिक्रियेला उत्तर

आपली प्रतिक्रिया वाचली. नकाशा-प्रक्षेपणावरचा, म्हणजे गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवण्याच्या पद्धतीवरचा माझा लेख पटला नाही, असं म्हणायला कुणाचीच ना नाही. पण 'पुस्तकी पोपटपंची' आणि वर 'मास्तर, कधी हातानं नकाशा काढलाय का?' ही कुठली बोलायची रीत? विचारलंच आहे तर सांगतो. माझी अख्खी नोकरी ड्राफ्ट्समनची. ट्रेसिंग क्लॉथवर शाईनं रेघा ओढल्या, चुकलेली रेघ ब्लेडनं खरवडली, अमोनियाच्या वासात प्रिंट काढल्या. रामबागेत मुलांना सुट्टीत शिकवतो, ते याच हातांनी.

आकृतीतली अक्षरं मोबाइलवर बारीक दिसतात, हे मान्य. मोठी करून टाकतो.

आता आपलं ते वाक्य: 'इंदूरएवढ्या जागेत पृथ्वी सपाटच, तिथे प्रक्षेपण कशाला?' भारतीय सर्वेक्षण विभागाची १:५०,००० ची जुनी टोपोशीट (भूरूपाचा तपशीलवार नकाशा) घ्या, इंदूरचा राजवाडा जिच्यात येतो ती, २२°३०' ते २२°४५' अक्षांशांची. खालची कड मोजा, मग वरची. वरची जेमतेम एक मिलिमीटर आखूड भरेल, कारण रेखावृत्तं उत्तरेकडे जवळ जवळ येत जातात. जमिनीवर ते पन्नासेक मीटर होतात. डोळ्यांना दिसत नाही म्हणून ते नाहीत असं होत नाही.

आणि फोनवरच्या नकाशाचं काय? तो वेब मर्केटर प्रक्षेपणातला. विषुववृत्तावर प्रमाण बरोबर, पण आपल्या अक्षांशावर लांबी आठ टक्क्यांनी फुगते आणि क्षेत्रफळ सतरा-अठरा टक्क्यांनी. जागा लहान घेतली म्हणून ही फूग कमी होत नाही, ती अक्षांशावर ठरते. शिकाऊ मुलगा क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये इंदूरच्या सिरपूर तलावाची हद्द आखतो, त्याच प्रक्षेपणात सपाट क्षेत्रफळ काढतो आणि दर शंभर हेक्टरांमागे सतरा हेक्टर हवेतून येतात! यूटीएम या पृथ्वीचे पट्टे पाडून केलेल्या प्रक्षेपणाचा ४३ उत्तर विभाग, म्हणजे इंदूर ज्यात येतं तो पट्टा, निवडला की आकडा ताळ्यावर येतो. हे त्याला पहिल्याच धड्यात सांगायचं नाही तर कधी? गणितज्ञ गाऊसनं १८२७ मध्येच दाखवून दिलं की गोलाचा पृष्ठभाग ताणल्याशिवाय सपाट होत नाही. तेव्हा 'सपाटच' हा शब्द जरा जपून वापरा.

शब्द अवघड आहेत, गणित जास्त आहे वगैरे बाकीच्या तक्रारींवर मी वेळ घालवणार नाही. ज्यांना शिकायचंय ते शिकतायत.

पुढच्या भागात लँबर्टचं शंक्वाकार प्रक्षेपण घेतोय. शंका जरूर विचारा, पण नीट विचारा. 'मास्तर' म्हणून हिणवणार असाल तर उत्तर मिळणार नाही.