घुसखोराला केबिनमध्ये कोंडू नका

'घुसलेल्याला केबिनमध्ये बसवून ठेवा, मग पोलिसांना कळवा' हा कारखान्याच्या गार्डसाठी लेखात दिलेला सल्ला गार्डलाच अडकवणारा आहे. खासगी माणसाला (गार्डही त्यातच आला) अटक करता येते ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० खाली, आणि तीही समोर घडलेला गुन्हा दखलपात्र (पोलीस वॉरंटशिवाय पकडू शकतात असा) व अजामीनपात्र (जामीन हक्काने मिळत नाही असा) असेल, किंवा तो माणूस कोर्टाने जाहीर केलेला फरार गुन्हेगार असेल तरच. फौजदारीपात्र अतिक्रमण, म्हणजे वाईट हेतूने दुसऱ्याच्या जागेत घुसणं (भारतीय न्याय संहिता, कलम ३२९), जामीनपात्र आहे. कडी लावली की बेकायदा कोंडून ठेवल्याचं न्याय संहितेचं कलम १२७ गार्डवर येऊ शकतं.

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याच्या गेटवर वाद घालणारा बहुतेकदा हिशोब मागायला आलेला जुना कामगार असतो, दरोडेखोर नव्हे. आधी हुद्दा सांगा, 'बाहेर चला' असं साक्षीदारासमोर दोनदा स्पष्ट म्हणा, वेळ रजिस्टरला लिहा. दोन्ही गार्ड एकाच बाजूला उभे राहा. गेटकडची वाट अडवली की तिथेच धक्काबुक्की सुरू होते. ऐकत नसेल तर ११२ ला फोन करा. बाई असेल तर महिला गार्ड बोलवा. कॉलर धरणं, मोबाईल हिसकावणं साफ बंद. आणि सीसीटीव्हीचं फुटेज त्याच दिवशी पेनड्राइव्हवर घ्या, डीव्हीआर (रेकॉर्डिंग साठवणारा डबा) जुनं पुसत जातो.