‘फौजी खचत नाही’ या दाव्याविषयी

माजी सैनिकांसाठी मानसिक आरोग्याच्या वेगळ्या सोयी हव्यात, असे कोणी म्हटले की ठरलेले उत्तर फिरू लागते: फौजी खचत नाही, खचलाच तर तो भरतीआधीपासून कच्चा असतो, आणि पेन्शन, कॅन्टीन, ईसीएचएस ही माजी सैनिकांची आरोग्य योजना असताना आणखी काय हवे?

फौजी खचत नाही हा निष्कर्ष केवळ तक्रारी कानावर येत नाहीत यावरून काढलेला आहे. लष्कराच्या ‘शेप’ या वैद्यकीय वर्गीकरणातला पहिलाच घटक मानसिक स्थितीचा आहे. म्हणजे जवान मनानेही आजारी पडू शकतो, हे खुद्द लष्कराने मान्य केले आहे. मात्र या घटकात श्रेणी खाली गेली की बढती आणि नेमणूक अडते, हे प्रत्येक जवानाला ठाऊक असते. झोप उडाल्याचे युनिटच्या डॉक्टरला सांगायचे नाही, हा धडा पंधरा-सतरा वर्षे गिरवलेला माणूस ऐन उमेदीच्या वयात घरी येतो, आणि आता तो आपणहून मन मोकळे करील अशी आपली अपेक्षा! त्याचे गप्प राहणे हा कणखरपणाचा पुरावा कसा ठरतो, हे मला आजवर कळलेले नाही.

‘आधीपासून कच्चा’ हा आक्षेप तर न्यायालयातही टिकलेला नाही. भरतीच्या वेळी नोंद नसलेल्या आजारामुळे सैनिकाला सेवामुक्त करावे लागले, तर तो आजार सेवेतूनच उद्भवला असे धरावे आणि तसे नसल्यास ते सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारची, असे सर्वोच्च न्यायालयाने धर्मवीर सिंग खटल्यात 2013 साली सांगितले. मे 2025 मध्ये स्किझोफ्रेनियाच्या कारणाने काढलेल्या एका जवानाच्या प्रकरणातही, वैद्यकीय मंडळाने कारणे न देता दिलेले मत न्यायालयाने ग्राह्य मानले नाही. प्रत्येक आजार सेवेमुळेच होतो, असे यातून निघत नाही, हे मान्य.

ईसीएचएस 2003 पासून आहे, पुण्याच्या सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालयात डिसेंबर 2023 मध्ये टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी फोन-सेवेचा सैन्यासाठी खास कक्ष सुरू झाला आणि त्या सेवेचा 14416 हा क्रमांकही आहे. पण या सर्व सोयींपर्यंत पहिले पाऊल टाकायचे ते रुग्णानेच. ओळखपत्रासाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात तो येतोच. प्रशिक्षित समुपदेशकाने त्याच्याशी, आणि बदल बहुधा आधी जिच्या लक्षात येतो त्या पत्नीशीही, तिथेच बोलावे आणि सहा महिन्यांनी स्वतःहून फोन करावा.