२५२० ही रामानुजनांची ‘गूढ संख्या’ नाही

आमच्या रत्नागिरीकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर तो मेसेज पुन्हा फिरतोय. १ ते १० या सगळ्यांनी पूर्ण भाग जाणारी २५२० ही म्हणे जगातली एकमेव संख्या. ती रामानुजनांनी शोधली, परदेशी गणितज्ञ थक्क झाले. आणि तिचं रहस्य आपल्या कालगणनेत दडलंय : ७ वार × ३० दिवस × १२ महिने. शाळेतली मुलं हे खरं मानून वहीत उतरवतात, म्हणून उत्तर द्यायलाच हवं.

‘एकमेव’ तर पहिल्याच गुणाकारात कोसळतं. ५०४०, ७५६०, १००८०... २५२० च्या पाढ्यातल्या प्रत्येक संख्येला १ ते १० ने भाग जातो. त्यांत सर्वांत लहान २५२०, म्हणजेच १ ते १० चा लसावि : ८ × ९ × ५ × ७. यात गूढ काही नाही.

शोध रामानुजनांचा? ५०४० ला १ ते १० ने भाग जातो हे प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटोने लिहून ठेवलंय. लसावि काढायची रीत युक्लिडकडे आहे, आणि नवव्या शतकात महावीराचार्यांनी अपूर्णांकांच्या बेरजेसाठी ती वापरली आहे. खऱ्या श्रेयाची उदाहरणं आपल्याकडे कमी नाहीत. ६१७४ चा गुणधर्म (सगळे अंक सारखे नसलेली चार अंकी संख्या घ्या, तिचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करत राहा, शेवटी ६१७४ च येतात) शोधणारे द. रा. कापरेकर १९०५ साली इथेच, डहाणूला जन्मले.

कालगणनेचं म्हणाल तर किनाऱ्यावरच्या कुठल्याही कोळीदादाला विचारा. उधाण, म्हणजे मोठी भरती, पुनव-अवसेला; भांग, म्हणजे लहान भरती, अष्टमीच्या सुमाराला. आपला महिना चंद्राचा, साधारण साडेएकोणतीस दिवसांचा. तिथी ३० असतात, दिवस नव्हे. चांद्र वर्ष ३५४ दिवसांचं भरतं, म्हणून तर अधिक महिना घालावा लागतो. शिवाय ३० × १२ मध्ये वर्षाचे दिवस मोजून झाले. त्यांना पुन्हा ७ ने गुणून जे येतं ती कशाचीच मोजदाद नाही. ३६० ला १ ते १० पैकी फक्त ७ ने भाग जात नाही, ७ ने गुणल्यावर ती उणीव भरते, इतकंच.

मला सर्वांत जास्त खटकतं ते हे की, या मेसेजमुळे रामानुजनांचं खरं काम झाकलं जातं. १९१५ साली लंडनमध्ये त्यांचा दीर्घ निबंध प्रसिद्ध झाला. विषय : आपल्याहून लहान प्रत्येक संख्येपेक्षा जास्त विभाजक असणाऱ्या संख्या. २५२० त्यांत आहे, ४८ विभाजकांसह, पण शंभरावर संख्यांच्या यादीतली एक म्हणून. यादीच्या टोकाला आहे ६७४६३२८३८८८००. तिला १ ते २८ पर्यंतच्या प्रत्येक संख्येने भाग जातो आणि तिचे विभाजक आहेत १००८०! पण नुसती यादी करून ते थांबले नाहीत. अशा संख्येचे मूळ अवयव पाडले तर मूळ संख्या वाढेल तसा घातांक कधीच वाढत नाही, आणि ४ व ३६ सोडले तर शेवटच्या मूळ संख्येचा घातांक १ च असतो, हे त्यांनी सिद्ध केलं. याच कामावर १९१६ साली केंब्रिजने त्यांना पदवी दिली.

मुलांना वहीत उतरवायला त्याच ६७४६३२८३८८८०० चे मूळ अवयव द्या : २^६ × ३^४ × ५^२ × ७^२ × ११ × १३ × १७ × १९ × २३. प्रत्येक घातांकात १ मिळवा, आलेले आकडे गुणा, आणि १००८० येतात का ते त्यांनाच तपासू द्या.