‘फक्त पीएचडीसाठी पात्र’ म्हणजे नापास नव्हे

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मराठी एम.ए.च्या मुलांत नेट (सहायक प्राध्यापकपद आणि पीएचडी प्रवेशासाठीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा) आणि जेआरएफ (त्याच परीक्षेतून मिळणारी संशोधन फेलोशिप) यांबद्दल एक मेसेज फिरतोय: ‘जेआरएफ नाही तर पीएचडी नाही, नेटच्या निकालात फक्त पीएचडीसाठी पात्र असं आलं, तर ते नापासच.’ हे खोटं आहे. या मेसेजपायी एक मुलगी घरी निकाल न सांगता आठवडाभर गप्प बसली होती, म्हणून लिहितोय.

जून २०२४ पासून नेटचा निकाल तीन गटांत लागतो. पहिल्यात जेआरएफसह सगळं, दुसऱ्यात सहायक प्राध्यापकपद आणि पीएचडी प्रवेश, तिसऱ्यात फक्त पीएचडी प्रवेश. दुसऱ्या-तिसऱ्या गटाला प्रवेश देताना नेटच्या गुणांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के भार असतो. जेआरएफ नसेल तर ती फेलोशिप मिळत नाही, एवढंच खरं. मात्र हे गुण प्रवेशासाठी एकच वर्ष चालतात, आणि मेसेजमध्ये नेमकं तेच नाही.

मुलाखतीनंतर नकार आला, तरी लगेच स्वतःला कमी लेखू नका, पोरांनो. एका वेळी प्राध्यापकाला ८, सहयोगी प्राध्यापकाला ६ आणि सहायक प्राध्यापकाला पीएचडीचे ४ च विद्यार्थी घेता येतात. कित्येकदा जागाच रिकामी नसते. अर्ज करण्याआधी विभागात जाऊन तेवढं विचारून या.